तिळगुळाची राख आणि ऱ्हाइनवाली बाई

माझ्या गळ्यातली बोरमाळ बघून बायका हमखास विचारतात, की यातला मधला मणी एवढा बारका का? बाकीचे एक्केचाळीस बोराएवढे, गुबगुबीत, आणि हा एकटाच मुगाएवढा. सोनार चुकला असं सांगून आजवर मी बऱ्याच जणींना वाटेला लावलंय. पण आता माझं वय असं आहे की समोरचे निमूट ऐकून घेतात, तेव्हा खरं सांगून टाकायला हरकत नाही. सोनार चुकलेला नाही. चुकले मी, आणि चुकले ते आमच्या सात पिढ्यांत पहिल्यांदा कॉलेजात गेलेली मी, एम.एस्सी. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, हे जास्त झोंबणारं आहे. ही पदवीची गोष्ट मी जिथं तिथं घुसडते असं घरचे म्हणतात. घुसडते. ज्यांच्या घरी आधीच पदव्या होत्या त्यांना काय कळायचं.

मी तेव्हा डब्लिनच्या एका विद्यापीठात शिकत होते, म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात कोरोनामुळं प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि मी डब्लिनजवळच्या नास गावात, थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप मांडून बसलेली असे. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा नियम होता, आणि त्या पाच किलोमीटरांत आमचं सगळं जग कोंबलेलं. वरच्या चिंचोळ्या खोलीतून दाजींचं दिवसभर एकच चाले, "आवाज येतोय का माझा?" तो सगळ्या घराला येत असे, फक्त त्यांच्या मीटिंगला येत नसे. बैठकीत माझी भाची स्वरा टॅब्लेटवर शाळा भरवायची. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर द्यायचं. किटली शिट्टी घालायची, वॉशिंग मशीन गुरगुरायचं, आणि या सगळ्यावर मात करून नाना विट्याच्या माणसांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचे. फोन कानाला लावून. पलीकडच्याला तासभर त्यांचा कान दिसत राही.

नाना म्हणजे आमचे वडील. आई गेल्यावर बदल म्हणून तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यानं वर्ष झालं तरी तिथंच. चौथी शिकलेले, धंदा गलाईचा. आमच्या खानापूर-विट्याकडची निम्मी माणसं या धंद्यात हिंदुस्थानभर पसरलेली असतात. जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं शुद्ध करायचं, आणि सोनाराच्या दुकानातला केर आणून, जाळून, त्याची राख पाण्यात धुऊन तळाला राहिलेला सोन्याचा कण काढायचा. नानांची पस्तीस वर्षं दक्षिणेतल्या एका बाजारगल्लीत अशी राख धुण्यात गेली. घरात नियम एकच, केर तपासल्याशिवाय टाकायचा नाही. लहानपणी शेजारच्या पोरींना वडील अभ्यासावरून बोलायचे, आम्हाला झाडू मारण्यावरून. आईची बोरमाळ त्याच नियमातून आलेली. दर दिवाळीला नाना भट्टीसमोरचं स्वतःचं गोणपाट जाळायचे आणि त्यातून निघेल तो कण आपल्या हक्काचा म्हणून डबीत टाकायचे. अशा डब्या साठवून साठवून बेचाळीस मणी झाले. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. आई जाताना सांगून गेली, की घरात जी पहिली एम.एस्सी. होईल तिच्या गळ्यात ही घालायची. आक्काचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालेलं, त्यामुळं स्पर्धा नव्हतीच. पण आक्कानं ती माळ जिवापाड जपून आणली होती आणि माझा निकाल लागायच्या आत नव्या रेशमात ओवून ठेवायची म्हणून एका सकाळी काढली.

संक्रांत आठवड्यावर आलेली. आक्का घरून तिळगुळाच्या ऑर्डरी घ्यायची, म्हणून टेबलावर एकीकडे भाजलेल्या शेंगदाण्यांची परात, दुसरीकडे तीळ, मधे बोरमाळ आणि कडेला माझा लॅपटॉप. जुना दोरा ओढताच तुटला आणि मणी टणाटण उडाले. आक्का खाली वाकून वेचायला लागली. माझा वर्ग चालू, कानात हेडफोन. वेचता वेचताच ती म्हणाली, "शीतल, तेवढं दाण्याचं कूट काढ गं." मी मान डोलावली, परात मिक्सरच्या भांड्यात रिकामी केली, बटण फिरवलं आणि पुन्हा वर्गात लक्ष घातलं. संध्याकाळपर्यंत साठ लाडू वळून झाले. मणी मोजले तेव्हा एक्केचाळीस.

पुढचे तीन दिवस ते घर घर राहिलं नाही, गलाईचा कारखाना झाला. नानांनी हूवरची, म्हणजे केर ओढायच्या यंत्राची, पिशवी ताब्यात घेतली. कचऱ्याची गाडी येईल म्हणून दाजींनी काळजीनं बाहेर ठेवलेला डबा त्यांनी परत आत आणला. केराची पुडकी बांधून हॉट प्रेसमध्ये रचली. तिकडं कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारचं, टॉवेल ऊबदार ठेवायचं कपाट म्हणजे हॉट प्रेस. केर कोरडा राहायला याच्याहून चांगली जागा नाही, असं नानांचं शास्त्रशुद्ध मत.

"नाना, टॉवेलला केस लागतायत," दाजी म्हणाले.

"झटकू नगा जावईबापू. झटकलं तर खाली पेपर आंथरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनी सोफ्यामागून आरोळी ठोकली. "घावलं! घावलं बघा!" आम्ही सगळे धावलो, दाजी तर मीटिंग सोडून आले. नानांच्या बोटांच्या चिमटीत सोन्याचा पत्रा चमकत होता, आणि त्यांचा चेहरा त्याहून जास्त. स्वरानं तो हातात घेऊन वास घेतला. "आजोबा, दॅट्स माय चॉकलेट कॉइन." नाताळात मिळालेल्या चॉकलेटच्या नाण्याचा कागद होता. दाजी आधी खोकले, मग जिन्यात जाऊन हसले. ते हसू बंद दारातून ऐकू आलं. ज्या माणसानं पस्तीस वर्षं डोळे मिटून सोनं ओळखलं, जो खिशात कसोटीचा काळा दगड घेऊन नासपर्यंत आला होता, त्यानं आनंदाच्या भरात तो दगड काढलाच नाही. नाना चष्मा पुसत बसले.

त्याच संध्याकाळी चहा पिताना ते हळूच म्हणाले, "आख्खा मणी हुडकू नगा. त्यो फुटला आसंल. त्या सकाळी मिक्सरचा आवाज बदलला हुता."

कुणी वर बघितलं नाही. आक्का म्हणाली, "भांडं तीनदा धुतलंय नाना." दाजी म्हणाले, "सोनं कसं फुटेल?" आणि मी, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणाले, "नाना, फुटला असता तर मला आवाज आला नसता का? मीच तर लावला होता मिक्सर." हेडफोनचं मी बोलले नाही, कारण खरंच आठवलं नाही. नाना "बरं" म्हणाले आणि बिस्कीट चहात बुडवलं. ते बुडालं तरी काढलं नाही.

इकडं माझी वेगळीच घालमेल चालली होती. शुक्रवारी सेमिनार. विषय मीच ऐटीत निवडलेला, अणू फुटतो हे माणसाला पहिल्यांदा कसं कळलं. आमच्या प्राध्यापक बाईंचं नाव ओर्ला. त्यांना नुसतं ओर्ला म्हणायचं असतं, ते मला वर्षभर जमलं नाही, मी "हॅलो" म्हणून वेळ मारून न्यायची. त्यांनी एक जुना निबंध वाचायला पाठवला होता. तो एका जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाईंचा. दुर्मिळ धातू हुडकण्यात त्यांची हयात गेलेली. नवरा-बायकोनं आणि एका सोबत्यानं मिळून ऱ्हेनियम नावाचा धातू शोधला, आणि बाईंनी आपल्या माहेरच्या ऱ्हाइन नदीवरून त्याला नाव दिलं. मला तो निबंध बाजूचा वाटला. ठळक नावं दुसरीच होती. त्यामुळं माझ्या वीस मिनिटांत बाईंना जागा नव्हती.

बुधवारी दुपारी मी तालीम केली. प्रेक्षक दोन, स्वरा आणि नाना. तिसरा प्रेक्षक लाडवांचा डबा. नानांसाठी मराठीत सांगायचं म्हणून मी सगळं सोपं करून सांगत होते, की रोममधल्या शास्त्रज्ञांनी युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला. त्यातून जे निघालं ते काय आहे हे ओळखेना. मग त्यांनी युरेनियमच्या आसपासची मूलद्रव्यं एकेक करून तपासली, खाली शिशापर्यंत. कशाशीच जुळेना, तेव्हा ते म्हणाले की आम्हाला नवंच मूलद्रव्य सापडलं.

नाना पुढं सरकले. "शिशापतुर बघितलं आन थांबले? का?"

"कारण त्याच्या खालचं काही निघणं शक्यच नाही असं सगळे धरून चालले होते. अणूचा बारीक टवका उडेल फार तर. मधोमध कसा फुटेल?"

"केर आख्खा तपासायचा आसतोय. निम्मा तपासून घरी जात न्हाईत."

आता मला ऱ्हाइनवाल्या बाईंचं सांगणं भाग पडलं, कारण नेमकं हेच त्यांनी लिहिलं होतं. सगळी मूलद्रव्यं तपासल्याशिवाय नवं सापडलं म्हणू नका. अणूचे मोठाले तुकडे झाले असतील हेही शक्य आहे. कुणी मनावर घेतलं नाही. चारेक वर्षं गेली. मग बर्लिनमध्ये एकदा युरेनियममधून रेडियम निघालं असं वाटलं. ते वेगळं काढायला सोबत बेरियम मिसळलं होतं, आणि काही केल्या रेडियम त्या बेरियममधून सुटेना.

"सुटंना म्हंजे बेरमच आसंल ते," नाना म्हणाले. "मी कैक डाव बघितलंय. जे धू-धू धुऊन येगळं हुईत न्हाई, ते तेच आसतंय."

बेरियमच होतं. युरेनियमच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं. अणू फुटला होता. मी हे सांगताना जरा नाटकी थांबा घेतला, पण नानांचं मन बाईंपाशी अडकलेलं. "त्या बाईचं का न्हाई ऐकलं कुणी?"

"त्यांनी आधी आणखी एक मूलद्रव्य सापडलं असं जाहीर केलं होतं," मी म्हणाले. "ते पुन्हा कुणालाच मिळालं नाही. त्यामुळं बाईंचं म्हणणं लोक..."

आणि माझी मीच थांबले. स्वराच्या हातात चॉकलेटचं नाणं होतं. ती त्याचा सोनेरी कागद नखानं सोलत होती. नाना माझ्याकडे बघत नव्हते. ते मिक्सरकडे बघत होते.

आयुष्यात मला पुष्कळदा लाज वाटलेली आहे, पण स्वतःच तयार केलेल्या स्लाइडमुळं एवढीच एकदा. मी उठले, मिक्सरचं भांडं काढलं, त्याचं पातं उलटं फिरवून मोकळं केलं आणि पात्याखालचं रबर सुरीनं उचकटलं. तिथं काळपट लाखेचा थर चिकटला होता आणि त्यात नखाएवढा पिवळा पत्रा, सुरळी झालेला. नानांनी या वेळी खिशातून कसोटी काढली. दगडावर रेघ ओढली, उजेडाकडे धरली आणि दगड माझ्या हातात दिला.

"हा थोडाच हाय. राहिलेला लाडवात," ते म्हणाले.

"नाना, तुम्हाला एवढी खात्री होती तर तुम्ही का नाही उघडलं भांडं?"

"रुसलो हुतो." मग पुस्ती जोडली, "तुझ्या त्या ऱ्हाइनवालीनं तरी सोता कुठं तपासलं? नुसतंच लिव्हलं न्हवं?"

हे अगदी खरं होतं. मी तो मुद्दा सेमिनारमध्ये घातला.

त्यानंतर आक्कानं जे फोन केले ते ऐकण्यासारखे होते. लाडू पाच घरी पोचते झालेले. खोटं कारण सांगावं असं दाजींचं मत, पण आक्का बाणेदार. "लोकांच्या दाताखाली पत्रा जायचा. खरं तेच सांगणार." पहिल्या घरी अजून उघडले नव्हते. दुसऱ्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "सोनं आहे होय! मग परत कशाला देऊ?" आणि हसून संध्याकाळी दारात ठेवून गेल्या. तिसऱ्या घरी सगळे खाऊन झाले होते, दात शाबूत होते. चौथ्यांनी अर्धे दिले. पाचवं घर शेजारचं, जिमी आजोबांचं. ते एकटे राहायचे. आक्कानं त्यांना हौसेनं आठ लाडू दिले होते. त्यांनी कुंपणावरून आभार मानले, म्हणाले, "ग्रँड! द रॉबिन्स आर मॅड अबाउट देम." तिकडं थंडीत पाखरांसाठी दाण्याचे गोळे टांगतात. आजोबांनी आमचं वाण तारेच्या पिंजऱ्यात घालून झाडाला लटकवलं होतं. त्यांना बिचाऱ्यांना कळलं तेव्हा त्यांनी उरलेले दीड लाडू हातमोजे घालून, अगदी अदबीनं परत केले.

"आता जाळू या," नाना म्हणाले.

"संक्रांतीचं वाण जाळायचं?" आक्का ओरडली. "नाना, देवाधर्माचं काही?"

"सोनं राकंतनंच येतंय पोरी. तुझ्या आईची माळ गोणपाटाच्या राकंची हाय, तवा कुठं गेलता धरम?"

मग आक्कानं स्वतःच जुनं पातेलं काढून दिलं. मागच्या अंगणात दाजींच्या बार्बेक्यूवर चाळीसएक लाडू पेटले. तीळ तडतडायला लागले, गूळ फसफसून वर आला, आणि काळा गोड धूर कुंपण ओलांडून नासभर पसरला. आजही कुठं गूळ करपला की मला थंडी वाजते. स्वरा खिडकीतून ओरडली, "आजोबा, युअर मॅन नेक्स्ट डोअर इज वॉचिंग यू!" तिकडं कुणाही गृहस्थाला युअर मॅन म्हणतात. जिमी आजोबा खरंच बघत होते, आणि तोंडावरचा मास्क सावरत म्हणाले, की त्यांच्याकडे नळजोडणीचा गॅसचा बर्नर आहे, तो हवा का? नानांना इंग्रजी येत नव्हतं, पण हातातला बर्नर ओळखता येत होता. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंनी तासभर आपापल्या भाषेत बोलले. काय बोलले हे दोघांनाही माहीत नव्हतं. दोघंही खूश होते.

राख धुताना मी शेजारी बसले. नानांनी परात तिरपी धरली, पाण्याला एक हलका हेलकावा दिला. वरची काळी राख पाण्याबरोबर गेली. पुन्हा पाणी, पुन्हा हेलकावा. त्यांच्या मनगटाला ही लय अजून तशीच होती. मी सांगत होते, की बाईंनी सहाशेसाठ किलो खनिजातून एक ग्रॅम ऱ्हेनियम काढलं. नानांचा हात थांबला. "एक ग्राम?" मग परातीकडे बघत मान हलवली. "आपल्यातलीच हाय." बाईंना तोवर पुष्कळ मानसन्मान मिळाले असतील, पण असा नाही. तळाला पिवळे कण उरले तेव्हा नानांनी ते कोळशाच्या खळगीत घेतले, सोनं लवकर वितळावं म्हणून टाकणखार घातला आणि बर्नरची ज्योत धरली. कण लाल झाले, थरथरले, एकमेकांकडे सरकले आणि टपकन एक गोळी झाली. मुगाएवढी.

पिशवीतल्या छोट्या काट्यावर ती ठेवली. एका मण्याला सोनं किती हे नानांना तोंडपाठ होतं. काटा तिथं पोचला नाही. "घट आली," नाना म्हणाले. आमच्या धंद्यात हा शब्द कुणाला आवडत नाही.

मी म्हणाले, "नाना, अणू फुटतो तेव्हापण असंच होतं. सगळे तुकडे मिळून मूळच्या अणूपेक्षा किंचित हलके भरतात. दुसऱ्याच एका बाईंनी आणि त्यांच्या भाच्यानं बर्फात बसून त्याचा हिशेब मांडला. कमी पडलं ते वजन ऊर्जा होऊन जातं. म्हणूनच तर एवढा मोठा स्फोट."

नानांनी गोळी काट्यावरून उचलून तळहातावर घेतली. "आन मग? ती घट परत मिळती?"

"नाही."

"मग लई जपून फोडाय पायजे हुतं," ते म्हणाले.

शुक्रवारचा सेमिनार बरा झाला. मी ऱ्हाइनवाल्या बाईंपासून सुरुवात केली आणि पहिल्यांदाच "ओर्ला" असं नाव घेऊन सांगितलं, की माझ्या वडलांचा यात एक आक्षेप आहे. कॅमेऱ्याबाहेर नाना ताठ बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, कुणाला दिसणार नसताना. पदवीचा समारंभ त्या वर्षी पडद्यावरच झाला. माझं नाव आलं तेव्हा आक्कानं स्वेटरवरून माझ्या गळ्यात बोरमाळ घातली, आणि नानांनी पुढं होऊन मणी मोजले, जपमाळेसारखे, एकेक बोटाखालून सरकवत. बेचाळीस. बारक्या मण्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

तेवढ्यात खिडकीबाहेर जिमी आजोबांच्या झाडावर एक रॉबिन येऊन बसला, छाती फुगवून, लालभडक, आणि शीळ घालायला लागला. नानांनी चष्मा वर करून त्याला नीट न्याहाळला.

"घट तिथं हाय," ते म्हणाले. "जाऊ दे. गोड बोलतंय."